ती येईपर्यंतची डागडुजी

सोमवार, ता. ८

रविवारी दुपारी चिमी तिच्या आईला घेऊन येणार आहे. घर राहण्याजोगं वाटलं तर आईला इथे ठेवून जाईल, नाहीतर आल्या पावली परत नेईल. मग मीही बाडबिस्तरा आवरून लेकीकडे जायचं आणि या घराला कुलूप. हे सगळं तिने फोनवर इतक्या शांतपणे सांगितलं, की क्षणभर वाटलं ही आपली चिमी नव्हे, हिच्या हाताखाली माणसं आहेत.

“बाबा, आई न्हाणीघरात घसरली तेव्हा नशिबाने निभावलं. प्रत्येक वेळी निभावणार नाही. धरायला दांडा नाही, पॅसेजमध्ये दिवा नाही, तो स्वयंपाकघराचा उंबरा तर माणूस पाडायलाच ठेवलाय.”

“करून घेतो गं.”

“तुम्ही? खिळा ठोकायचा तर भिंतीशी गप्पा मारत बसता.”

खरं आहे. पण आता मारणार नाही. 

बायकोला चिमीकडे जाऊन तीन आठवडे होत आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काहीतरी काम केलंय. “आहे तेवढं टिकवायचं, असं म्हणाले,” इति चिमी. टिकलं म्हणजे झालं, या वयात आणखी काय हवं? मी खोलात शिरलो नाही. डॉक्टरी शब्द निघाले की मी विषय बदलतो.

घर मात्र खायला उठतं. सकाळी पेपर उघडतो, पहिली बातमी मोठ्याने वाचतो आणि मग लक्षात येतं, की ऐकायला कोणी नाही. पूर्वी ती पेपर माझ्या हाती लागू द्यायची नाही. गेली दोनेक वर्षं मात्र तिला माझ्या वाचण्याची गोडी लागली. “तुम्हीच वाचा, तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.” बातम्या झाल्या की मी हळूच शाळेतल्या कवितांवर घसरायचो. चौथीत गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे तसा धरायचो. ती डोळे मिटून ऐकायची. उतारवयात बायकोला आपला आवाज आवडू लागावा, याहून मोठं बक्षीस मला त्या शाळेतसुद्धा मिळालं नव्हतं.

मिस्त्री येऊन घर बघून गेला. नळ, वीज, भिंती, सुतारकी, सगळं एकटाच करतो म्हणे. कशालाही ‘होऊन जाईल’ म्हणतो.

“रविवारपर्यंत?”

“होऊन जाईल. कुठला रविवार?”


मंगळवार, ता. ९

उंबरा गेला. लाकूड इतकं मुरलेलं, की पहार घातल्याशिवाय हलेना. मधोमध झिजून खोलगट झालं होतं, पायाच्या अंगठ्याएवढं. मिस्त्री म्हणाला, “साहेब, याला कोणी घासत होतं काय रोज?” मी म्हटलं, चाळीस वर्षांचं घर आहे, झिजणारच.

पॅसेजच्या भिंतीवर एक मळकट पट्टा निघाला. झोपायच्या खोलीच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत सरळ, कमरेच्या जरा वर. मिस्त्रीने त्यावर बोट फिरवलं. “ओल असती तर खालून चढली असती. पोरंबाळं आहेत का घरात?” नाहीत. शेवटी जुनाट भिंतीचा रोग म्हणून तोही खरवडून काढायला लावला.

दुपारी तिचा फोन आला. मिस्त्रीची ठोकाठोक ऐन रंगात होती.

“आवाज कसला हो?”

“शेजारी काहीतरी चाललंय.”

“आपल्याकडे काही करू नका. ऐकताय ना? एक वस्तू इकडची तिकडे हलवू नका.”

“छे! धूळ झाडतोय फक्त.”

“झाडली की होती तिथेच ठेवा.”

माझ्या कंबरेची तिला केवढी काळजी! मला मात्र गंमत वाटत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्यापासून काहीतरी लपवतोय आणि तेही तिच्याचसाठी. दारात पाऊल ठेवलं की तिचा चेहरा कसा फुलेल, हेच डोळ्यांपुढे येतं. भिंतींना रंगही द्यायचा ठरवलाय. आभाळी.


गुरुवार, ता. ११

सत्यानाश झाला.

दांडा बसवायला मिस्त्रीने न्हाणीघराच्या भिंतीला भोक पाडलं आणि आतला पाइप फुटला. पाणी असं उसळलं, की त्याची टोपीच उडाली. मुख्य नळ बंद करावा तर त्याची फिरकी हातात निघून आली. मिस्त्री खाली टाकीकडे धावला. तोवर न्हाणीघर, पॅसेज, झोपायची खोली, सगळीकडे घोटाभर पाणी. मी चादरी टाकल्या, उशा टाकल्या, शेवटी माझं धोतरसुद्धा टाकलं आणि नुसत्या सदऱ्यावर उभा राहिलो. नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू ‘काय झालं, काय झालं’ करत दारात आल्या. 

खाट भिजू नये म्हणून आम्ही दोघांनी उचलून खिडकीखाली नेली. कपाट पॅसेजमधून बाहेर काढताना अडकलं. मागेही जाईना, पुढेही येईना. मिस्त्री पलीकडच्या बाजूला होता. कपाटाच्या फटीतून म्हणाला, “उद्या माणूस आणतो. होऊन जाईल.” आणि कपाटावरून उडी मारून गेला. मी स्वयंपाकघराच्या बाजूला राहिलो. माझा पलंग आणि माझी औषधं, दोन्ही कपाटाच्या मागे.

ओट्यावर पाय वर घेऊन बसलोय आणि हे लिहितोय. भिंतीचा गिलावा भिजून खपली धरल्यासारखा सुटतोय, मधूनच एखादा पोपडा पाण्यात पडतो. रविवार समोर उभा आहे. चिमी हे पाहील आणि चप्पलसुद्धा काढणार नाही. मग ते लेकीचं घर, वरचा मजला, सतत चालू असलेला टीव्ही आणि कोपऱ्यात आम्ही दोघं, पाहुण्यासारखे. ती तिथे कोमेजून जाईल. परवाच म्हणत होती, “इथे मला काहीच सापडत नाही. पाण्याचा पेला मागावा लागतो. मला आपल्या घरी यायचंय हो.” आवाज असा, की तिने नव्हे, तिच्यातल्या कोण्या लहान मुलीने म्हटल्यासारखा.

तिला घरी आणायचंय. दुसरं काही नको मला.


शुक्रवार, ता. १२

मिस्त्री आला नाही. फोन उचलत नाही. कपाटाच्या वरून कसाबसा चढून पलीकडे गेलो, औषधं घेतली. उतरताना गुडघा सोलवटून निघाला. या वयात कपाट ओलांडणारा माणूस घरात एकटा असावा, हेच बरं.

हात रिकामे राहिले की मन सैरभैर होतं, म्हणून स्वयंपाकघराला हात घातला. तिचे डबे म्हणजे एक कळाहीन पलटण. पत्र्याचे, प्लास्टिकचे, एकाचं झाकण दुसऱ्याला. काहींना रबरबँड गुंडाळलेली, एकाला एक, दुसऱ्याला जास्त, एकाला तर जुन्या नाडीचा तुकडा. शेगडीच्या बटणावर मेणाचा थेंब वाळून टणक झाला होता. तोही सुरीने खरवडला. न्हाणीघरात गरम पाण्याच्या नळालाही असाच जाड दोरा गुंडाळलेला होता, गळतीसाठी असणार. माझी बायको पूर्वी किती नीटनेटकी होती! थकली बिचारी. हे सगळं मला आधीच दिसायला हवं होतं.

काचेच्या सारख्या बरण्या आणून ठेवल्याच होत्या. एका मापाच्या, एका झाकणाच्या. जन्मभर भांडारात माल लावला, चिठ्ठ्या चिकटवल्या. पण अशा चिठ्ठ्या कधी लिहिल्या नव्हत्या. टाक काढला, दोन रंगांची शाई काढली. प्रत्येक बरणीला एक कविता!

साखरेला:
कण इवले, मन गोड किती,
चमचाभर मी, पुरे प्रीती.

मिठाला:
थोडे घ्या हो, थोडे घ्या,
जास्त झाले तर माफी द्या.

वळणदार अक्षर साधलंय. ती वाचेल, हसेल आणि म्हणेल, “वेडे आहात.” 

शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या. बरण्या पाहिल्या आणि रिकाम्या डब्यांकडे वळल्या.

“भाऊ, वहिनींना विचारलंत का?”

“विचारलं तर गंमत काय राहिली?”

“नाही, म्हणजे... डबे तेच बरे होते त्यांना. सुईसुद्धा माझ्याकडून ओवून नेतात अलीकडे.”

“आता डोळ्यांचं काम झालंय. आता ती सुई ओवेल आणि तुमचीसुद्धा ओवून देईल.”

काकू कप उचलून निघून गेल्या. नव्या बरण्यांचा हेवा वाटला असेल. वाटो बापडा.


शनिवार, ता. १३

मिस्त्री सकाळी उगवला, बरोबर त्याचा मेव्हणा. काल दुसऱ्याचं घर बुडालं होतं म्हणे. मी त्याच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. “बाबा रे, काय करायचं ते कर, पण उद्या माझी बायको येतेय.”

त्याने टोपी काढली आणि पहिल्यांदाच ‘होऊन जाईल’ न म्हणता कामाला लागला.

आणि झालं! कपाट सुटलं. आता ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारी उभं केलंय, परत आत न्यायची कोणाचीच छाती नाही. न्हाणीघरात दांडा बसला, पण जुनी भिंत धरेना म्हणून समोरच्या भिंतीवर. फुगलेलं दार काढून नवं बसवलं, ते उलट्या बाजूला उघडतं. दोन नळांच्या जागी एकाच दांड्याचा चकचकीत नळ आला. दिव्यांची बटणं ओल धरत होती म्हणून पलीकडे नेली. खाट खिडकीखालीच ठेवली, उठल्या उठल्या तिला आभाळ दिसेल. आणि भिंती आभाळी. घरात आभाळ, खिडकीत आभाळ.

मी ओल्या रंगाच्या स्टुलावर बसलो ते मेव्हण्याने हाक मारली तेव्हा कळलं. माझाही थोडा भाग आभाळी झाला आहे.

अंगात कणकण आहे. पण हे ते घर नव्हे, जे चिमीला कुलूप लावायचं होतं. 


रविवार, ता. १४

लिहवत नाही.


सोमवार, ता. १५

लिहायला हवं. नाहीतर डोकं फुटेल.

ती आली. चिमीने हात धरला होता, तो तिने दाराशीच सोडवला. “इथे नको धरूस गं, हे माझं घर आहे.” चप्पल काढली. हसत होती. ताठ आत आली, नेहमीच्या डौलात. मीच पुढे धावणार होतो, पण म्हटलं, नको, तिला एकटीला पाहू दे.

तिचा हात भिंतीवर गेला. भिंत गुळगुळीत, जराशी चिकट. तिने हात झटकन मागे घेतला, बोटं एकमेकांवर चोळली. मग स्वयंपाकघराकडे वळली आणि दाराशी पाय उंच उचलला, जिथे आता उचलण्याजोगं काही नव्हतं. पाऊल पोकळीत पडलं. ती झोक जाऊन कपाटावर आदळली, तिचे तळवे कपाटाच्या दारावर टेकले.

“कोण आहे?” तिने विचारलं.

कपाटाला.

“आई!” चिमी पुढे धावली.

“कोण उभं आहे इथे? अहो, हे कुठे आणलंत मला?”

मला वाटलं, दचकली. मला खरंच तसं वाटलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी साखरेची बरणी तिच्या हातात दिली. “आधी हे वाच.”

तिने बरणीवरून बोटं फिरवली. झाकणापासून बुडापर्यंत. मग हळूच विचारलं, “काय आहे यात?”

“वाच की! मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय.”

“बाबा, बस करा,” चिमी ओरडली. इतकी, की शेजारचं दार उघडलं. “बस करा. तिला दिसत नाही. तुम्हाला... बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

बरणी तिच्या हातातच होती. ती खाली ठेवायला तिला जागा सापडत नव्हती आणि मला ती घ्यायचं सुचत नव्हतं.

“दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “आधी कडेकडेने गेलं. मग मधलंही. डॉक्टरांनी राहिलेला उजेड-अंधार तेवढा टिकवलाय.”

“आणि मला?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर दिवसभर माझ्यामागे हात धरून हिंडला असता. हिला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं असतं. म्हटलं, घर हाताखालचं आहे तोवर काय बिघडतंय?”

चिमी रडत होती. “मला वाटलं बाबांना ठाऊक आहे. तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून लपवताय.”

“मग ते पेपर...” माझ्या तोंडून निघालं. कुठल्या वेळी काय विचारावं याचं भान नाही मला. “माझ्या वाचण्याची गोडी...”

“दुसरं कोण वाचणार होतं?” ती म्हणाली. मग माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. “पण आवाजही आवडायचा. तेही खोटं नव्हतं.”

चिमीने तिला खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीचे हात चाचपत राहिली, ही तरी ओळखीची आहे का म्हणून.

“रंग कोणता दिलाय?”

“आभाळी.”

“छान असेल. आणखी काय काय केलंत?”

मी सांगू लागलो. न्हाणीघराचं दार कसं शुभ्र आहे, खिडकीतून उजेड कसा पाझरतो, नळ कसा आरशासारखा लखलखतो. माझं मलाच आवडेल असं बोलत होतो. भीतीने बोलत होतो. 

तिने मला थांबवलं. “उजेड नको. हात कुठे पोचतो ते सांगा. खाटेवरून उठले, उजवा हात पुढे केला. काय लागतं?”

मी उभ्या जागी उजवा हात पुढे केला, हाताला हवाच लागली. 

“न्हाणीघराचं दार कुठल्या हाताला?”

मी वळून पाहिलं. आदल्या दिवशीच बसवलेलं दार, आणि मला पाहावं लागलं.

“राहू दे,” ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. “चांगलं केलंत तुम्ही. घर तुमचं झालं. माझं होतं ते पुसलं गेलं एवढंच.”

चिमीने न उघडलेली बॅग उचलली. जिन्यावर दोघींची पावलं ऐकत मी दारात उभा राहिलो. एकीची पटपट, दुसरीची पायरी-पायरी चाचपत. चिमीने पाठीमागे न बघता सांगितलं, “वरचा मजला नको, खालच्या मजल्यावरची खोली रिकामी करतेय तुमच्यासाठी. महिनाअखेर या.”


मंगळवार, ता. १६

मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, होतं तसं सगळं परत कर. उंबरा, नळ, दार, सगळं. तो बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. लाकूड कोणीतरी जळणाला नेलं होतं. “साहेब, नवीन बसवतो. पण जुनं बसवता येत नाही.”

मग तिलाच फोन केला. हात जोडून बोललो, तिला दिसणार नव्हतं तरी जोडले.

“मी सगळं पूर्ववत करतो.”

“अजिबात करू नका,” ती म्हणाली. “तसंच्या तसं तुमच्याच्याने व्हायचं नाही. अर्धं जुनं नि अर्धं नवं केलंत, तर मी रोज पडेन.”

“मग मी काय करू? सांग ना. मी काय करू?”

तिकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“जुनं शिकायला मला आंधळी व्हायच्या आधी चाळीस वर्षं मिळाली होती,” ती म्हणाली. “आता चिमी महिनाअखेरपर्यंतच थांबणार. उद्यापासून फोन हातात घेऊन घरात फिरा. मला नवं घर पाठ करायचंय. तुम्हाला पाठांतर घेता येतं ना?”


शनिवार, ता. २०

रोज दोनदा फिरतो. काहीच जमत नाही. मी म्हणतो ‘थोडं पुढे’, ती विचारते, थोडं म्हणजे किती? मी म्हणतो ‘गारसा वारा लागेल’, ती म्हणते, खिडकी बंद असली म्हणजे? जन्मभर शब्दांवर जीव टाकला आणि एक भिंत धड सांगता येत नाही. काल तिने तिथल्या तिथे चालून पाहिलं आणि चिमीच्या टेबलावर आपटली. चिमीने फोन काढून घेतला. “बाबा, हे थांबवा. कशाला तिला आशा लावता? पडदेसुद्धा शिवून आलेत खोलीचे.” चिमीचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. मला तर वाटतं, तिचंच बरोबर आहे.

आज मात्र तिनेच फोन लावला. म्हणजे बायकोने. मी खाटेपासून सुरुवात केली. उशीच्या उजवीकडे भिंत. भिंतीला पाठ देऊन सरळ, पायाचा अंगठा लागतो ती दाराची चौकट. चौकटीनंतर डावा हात भिंतीवर, भिंत सोडायची नाही. भिंत संपेपर्यंत सोडायची नाही. ती माझ्यामागोमाग पुटपुटत होती, वर्गात म्हणतात तशी.

“आता न्हाणीघराचं दार आलं. ढकललं की आत उघडतं.”

“कुणाच्या आत? तुम्ही उभे आहात तिकडे, की पलीकडे?”

मी हसलो. ती हसली नाही. मी दार लोटून पाहिलं, पुन्हा ओढून घेतलं, पुन्हा लोटलं.

“पलीकडे. माझ्यापासून लांब जातं.”

तिकडे मागून चिमीचा आवाज आला. “आई, पुरे आता. चल, जेवून घे.”

“थांब गं जरा,” ती म्हणाली. “मी घरी आहे आत्ता. न्हाणीघराच्या दारात उभी आहे.”